चंदेरी खिडक्या

व्हर्लिन स्टॉकडेलने उमेदीची सगळी वर्षं रस्ते सपाट करण्यात घालवली आणि म्हातारपणी तो घरगाडीत राहायला गेला. थंडी पडू लागली की मिनेसोटातून निघायचं आणि ॲरिझोनाच्या वाळवंटातला ठरलेला तळ गाठायचा. जागा तीच, शेजारी तेच. बायको होती तोवर दोघं यायची. आता तो एकटाच येई.

तळावर त्याला मान होता. कुणाची गाडी मागे घेत जागेवर लावायची असली की बाकीचे खुर्च्या टाकून गंमत बघायला बसत आणि व्हर्लिन गाडीमागे उभा राहून हातांनी वाट दाखवी. तोंडातून शब्द नाही. ही भाषा ग्रेडरवरची, म्हणजे रस्ता सपाट करणाऱ्या पात्याच्या यंत्रावरची. इंजिनाच्या घरघरीत तो आणि त्याचा धाकटा भाऊ आर्डन याच भाषेत बोलत. पातं उचल. पातं टेकव. मागे ये. थांब.

त्याचं दुसरं काम फॉइलचं. फेब्रुवारीतही दुपारी गाडीचा पत्रा तापायचा. व्हर्लिनने खिडक्यांच्या मापाने चंदेरी फॉइल कापून बसवली, दाराच्या काचेलाही. आत गारवा झाला. मग ज्याने मागितली त्याला त्याने कापून दिली. सगळा तळ लांबून चमकू लागला.

त्या वर्षी तो दक्षिणेकडे आला आणि मागे आर्डनला झटका आला. वाचा गेली, उजवा हात गेला. डावा तेवढा राहिला. फोनवर नुसता श्वास ऐकू येई. म्हणून शुश्रूषागृहातली मुलगी दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल लावून द्यायची. आर्डन तिला हाताने काहीतरी सांगू पाही. तिला उमगत नसे. ते वाचू शकेल असा जगात एकच माणूस होता.

त्या माणसाच्या गाडीत वायफाय नव्हतं. म्हणजे होतं, पण चित्र यायचं, आर्डनचा डावा हात वर जायचा आणि तिथेच गोठायचा. पुढे काय, ते कधी दिसलंच नाही. मग पडदा काळा. आठवडाभर व्हर्लिनच्या डोळ्यांपुढे तो अर्धा उचललेला हात.

त्याने काही करायचं बाकी ठेवलं नाही. सिग्नल वाढवणारा डबा आणला आणि लांब काठीला बांधून गाडीच्या टपावर उभा केला. डब्यावरचे दिवे झकास हिरवे लागले. आत मात्र चित्र गोठलेलंच. लॅपटॉप बाहेर नेला, तर उन्हात पडद्यावर त्याचंच तोंड दिसे. छत्री लावली, ती वाऱ्याने उडाली. जागा बदलून तो कचेरीजवळ आला. तरी तेच.

सोमवार उजाडला की तो तळाचा मालक लोवेल याच्यापुढे जाऊन उभा राही. लोवेल म्हणे, नवी यंत्रं बसवली, आणखी काय करू. एकदा तो वैतागून म्हणाला, "व्हर्लिन, एवढं भांडायला लोक इथे येत नाहीत रे. सूर्य बघायला येतात."

"सूर्य मला माझ्या गावीही दिसतो. माझा भाऊ दिसत नाही."

मग त्याने अख्खा तळ लोवेलच्या अंगावर घातला. तक्रार सगळ्यांचीच होती. दोन गाड्या रागावून निघूनही गेल्या. त्या जाताना मागे उभा राहून हात व्हर्लिननेच दाखवला.

एका रविवारी आर्डनचा हात वर गेला आणि गोठला, तेवढ्यात शेजारची मॅक्सीन बिस्किटं घेऊन आली. दार उघडून उंबऱ्यातच उभी राहिली. पडद्यावरचा हात हलला.

"आत ये नाहीतर बाहेर जा," व्हर्लिन पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "गरम हवा येतेय."

ती आत आली. दार लागलं. हात गोठला. त्याने शिवी हासडली. मॅक्सीन म्हणाली, "माझं तोंड एवढं वाईट आहे होय? जाते बाई." तिने दार उघडलं. हात हलला.

व्हर्लिन उठला. दार लावलं. उघडलं. पुन्हा लावलं. मग दाराच्या काचेवरच्या फॉइलला हात लावून तो नुसता उभा राहिला.

पत्र्याच्या भिंती. त्यांत सिग्नलला वाट तेवढी खिडक्यांची. आणि त्या वाटा त्याने स्वतः मापाने कापून, कडा दाबून बुजवल्या होत्या. स्वतःच्या, मॅक्सीनच्या, सगळ्यांच्या.

त्याने एकेक फॉइल ओरबाडून काढली. ऊन भसकन आत आलं. पुन्हा येऊन बसला तेव्हा पडद्यावर आर्डन होता, हलता, जिवंत, एका बाजूला कललेला. व्हर्लिनने स्वतःचा हात वर केला. बोल.

आर्डनने डावा हात उचलला. पंजा स्वतःकडे वळवला आणि सावकाश आत ओढला. पुन्हा ओढला. मागे ये. मागे ये. मागे.

"तिकडे बर्फ आहे, आर्डी. रस्ते बंद असतील."

हात थांबला नाही. मुलगी पलीकडून म्हणाली, हे ते रोज करतात, आम्हाला वाटायचं त्यांना पांघरूण हवंय. रोज पांघरूण घालायचो.

 व्हर्लिनने मूठ वर धरली. कळलं.

दुपारी तो लोवेलच्या कचेरीत गेला. चूक माझी होती, एवढंच म्हणाला. लोवेल त्याच्याकडे बघत राहिला. त्याला खरंच वाटेना. तळावर फॉइल उतरू लागली. लोक घामाघूम झाले आणि थोडे व्हर्लिनवर चिडलेही.

व्हर्लिनने पाण्याची नळी गुंडाळली, विजेची तार काढली, गाडी सुरू केली. या वेळी गाडीमागे मॅक्सीन उभी होती. खुर्च्यांवर नेहमीची मंडळी. तिने हात उंच केला. थांब.

खिडकीतून डोकं काढून त्याने विचारलं, आता काय.

"आधी टपावरची काठी उतरव," मॅक्सीन म्हणाली. "मिनेसोटापर्यंत झेंडा घेऊन जाणार आहेस का?"