मोटारीत जन्मलेला गुलाबराव

गॅरेजच्या भिंतीला ग्रीस चढतं तसे किस्से चढतात. कोणी मुद्दाम लावत नाही. ग्रीस रॉकेलनं पुसलं की निघतं. किस्से निघत नाहीत. दरवर्षी वर एक थर चढतो आणि खालचा थर जास्तच चिकट होतो.

माझं शिक्षण चौथी. खामगावात नांदुऱ्याच्या रस्त्याला माझं गॅरेज होतं. बाहेर लिंबाखाली एक बाक होता आणि त्यावर कायमची दोन माणसं. एक वामनराव, तहसिलीतले कारकून. ऑफिस सुटलं की घरी जायच्या आधी बाकावर हजेरी लावायचे. दुसरे चांदभाई. शेजारच्या दुकानात गाड्यांच्या गाद्या शिवायचे. लोक म्हणायचे, मिस्त्री कधी हसत नाही. बरोबर आहे. हसायला ही दोघं होती ना!

*

आधी कापसाचं सांगतो.

खामगाव कापसाचं गाव. सीझन लागला की हवेतच कापूस. डोळ्यात कापूस, चहात कापूस, आणि गाड्यांच्या पेट्रोलच्या नळीतही कापूस. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या गाड्या त्यानंच बंद पडायच्या. नळी काढायची, तोंडानं फुंकर मारायची, परत लावायची. झालं.

एकदा एका जिनिंग फॅक्टरीचे मॅनेजर गाडी ढकलत घेऊन आले. गाडीला लिंबू-मिरची बांधलेली, पुढच्या चाकाशी नारळ फोडलेला, काचेवर अंगारा. म्हणाले, "मिस्त्री, कोणाची तरी वाईट नजर लागली. सगळे उपाय झाले."

मी नळी काढली, फुंकली, लावली. गाडी सुरू!

मॅनेजर हात जोडून उभे. हळूच विचारतात, "फुंकताना मंत्र कोणता म्हटला?"

बाकावरून वामनराव म्हणाले, "तो नका विचारू साहेब. मंत्र सांगितला तर मिस्त्री उपाशी मरतील!"

तर असा माझा शब्द चालायचा. मी "होईल" म्हटलं की गाडी व्हायची. "नाही" म्हटलं की मालक दुसऱ्या गॅरेजला न जाता थेट भंगारवाल्याकडे जायचा. 'मिस्त्री नाही म्हणाले म्हणजे नाही.' हे मी म्हणत नव्हतो, बाजार म्हणायचा. गाडीच्या बाबतीत मी कोणाला खोटं सांगत नसे.

*

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. जवळच्या खेड्यातले गुलाबराव गॅरेजला आले. बऱ्यापैकी शेती, डोक्याला पांढरं मुंडासं, मिशा तेल लावलेल्या. म्हणाले, "मिस्त्री, आमच्या गावात देशमुखाची जुनी मोटार पडून राह्यली. त्याचा पोरगा नागपूरले राह्यते. म्हन्ते घेऊन जा, कोठा रिकामा कर. येऊन पाहा आन् सांगा, घ्याव का नाही."

मी गेलो. वामनराव बोलावल्याशिवाय आले.

मोटार विलायती, काळी, गुरांच्या कोठ्यात उभी. वरचं कापडी टप कुजून लोंबत होतं. चारही चाकं जमिनीत रुतलेली. पुढच्या सीटवर सरकीचं पोतं. मागच्या सीटवर कोंबडी अंड्यावर बसलेली. आम्हाला पाहून ती उठलीसुद्धा नाही. तिचा ताबा जुना होता.

मी काही पाहायच्या आधी गुलाबरावांनीच पाहायला सुरुवात केली. आयुष्यभर त्यांनी एकच वस्तू पारखून घेतली होती, ती म्हणजे बैल. तसंच चाललं. पुढून पाहिलं, मागून पाहिलं. कडेला उभं राहून पाठीवर थाप मारली. वाकून पोट पाहिलं. मग बोनेट उघडून आत डोकावले.

वामनराव म्हणाले, "दात पाहून झाले असतील तर आता शेपूट मुरगाळून पाहा!"

गुलाबरावांना राग नाही. "पाहाच लागते बाप्पा. जनावर आन् मोटार, पारखल्याशिवाय घेऊ नये."

मी पाऊण तास पाहिलं. इंजिन जाम. बॅटरीच्या जागी उंदरांचं घर. ब्रेक नावाची गोष्ट नव्हती. मी हात पुसले आणि सांगितलं, "भंगार आहे. घेऊ नका."

दुसऱ्या दिवशी गुलाबराव हजर. "घेतली!"

मी म्हटलं, "मी नको म्हणालो होतो."

"हाव ना."

"मग मला विचारलं कशाला?"

गुलाबराव शांतपणे म्हणाले, "मोठ्या मानसाले इचारल्याशिवाय कसं घ्याव?"

*

का घेतली, ते साऱ्या पंचक्रोशीला माहीत होतं. मलाच माहीत नव्हतं.

गुलाबराव त्या मोटारीत जन्मले होते! आई अडली, तेव्हा त्यांच्या बापानं देशमुखांच्या पाया पडून मोटार मागितली. खामगावच्या दवाखान्यात न्यायला निघाले, पण पोरगं वाटेतच झालं. तेव्हापासून गावात कोणी त्यांना नुसतं गुलाब म्हटलं नाही. मोटारीतला गुलाब! लग्न ठरतानाही सोयऱ्यांना आधी हेच सांगितलं, जमीन किती ते मागून. बाप मरेपर्यंत हा किस्सा चावडीवर सांगत होता. बाप गेल्यावर गुलाबराव स्वतः सांगू लागले.

आई अजून होती. अनसूयाबाई. थकली होती. गुलाबरावांचं म्हणणं एकच, "मायले एकडाव त्याच मोटारीत बसवून गावात आननार. ती हाये तवरच करून द्या, मिस्त्री. मंग मले मोटार नाही पाह्यजे."

मी म्हटलं, "होणार नाही."

"बरं," म्हणाले, आणि मोटार आणायला गेले.

*

मोटार खामगावात आली ती बैलांच्या मागे, साखळीनं बांधून. नाक्यावर कारकुनानं अडवलं. जकातीचा प्रश्न पडला. बैलगाडी म्हणून लिहावी की मोटार म्हणून?

तो म्हणाला, "इंजिन आहे म्हणजे मोटार."

गुलाबराव म्हणाले, "चालून कोन राह्यलं, इंजिन का बैल?"

पुस्तक चाळून झालं. वरच्या साहेबाला विचारून झालं. मागे गाड्यांची रांग लागली. शेवटी गुलाबराव मुंडासं सारखं करत म्हणाले, "भाऊ, पुढून पाह्यलं तं बैलगाडी हाये, मांगून पाह्यलं तं मोटार. तू कुठून पाहून राह्यला ते लिह्य!"

कारकुनानं फाटक उघडलं.

*

गॅरेजसमोर मोटार उभी केली तेव्हा वामनरावांनी रुमालानं नंबरची पाटी पुसली. पाटी मध्यप्रांताची. वामनरावांनी टोपी काढली.

"मिस्त्री, मध्यप्रांत गेला, मध्य प्रदेश गेला, मुंबई राज्य गेलं, महाराष्ट्र आला. ही बाई कोठ्यातून हलली नाही आणि चार राज्यं फिरली!"

चांदभाईंनी मागची सीट तपासली. आतला काथ्या काळा पडलेला, स्प्रिंगा बाहेर. म्हणाले, "ये पूरी फेंकनी पडेगी."

गुलाबराव आडवे आले. "त्याले हात लावू नका चांदभाई. ते माही जागा हाये!"

चांदभाईंनी टेप खाली ठेवली. त्यांनी आयुष्यात गाद्या खूप शिवल्या होत्या, पण गादीचा असा मान पाहिला नव्हता. जुनी सीट तशीच ठेवून वरून नवं रेक्झिन चढवलं. शेवटचा टाका घालताना म्हणाले, "गुलाबभाऊ, हम सब जमीन पर पैदा हुए. तुम स्प्रिंग पर!"

वामनराव लगेच, "म्हणूनच एवढे उडतात!"

*

मोटार माझ्या दारात पावसाळाभर उभी होती. मी तिच्याकडे पाहत नसे. शब्द दिला होता, होणार नाही म्हणून. एक दिवस हाताला काम नव्हतं, म्हणून बोनेट उघडलं. त्याच्यापुढं काय झालं ते मला विचारू नका.

पिस्टन एका मोडक्या ट्रॅक्टरचे घासून बसवले. पट्टा जिनिंगच्या मशीनचा. पेट्रोलची टाकी गंजून गेलेली, तिथं तेलघाण्यावरचा डबा झाळून लावला. ब्रेक दोन वेगवेगळ्या जीपचे. वामनराव रोज बाकावरून मोजदाद करायचे.

एक दिवस म्हणाले, "मिस्त्री, आता हिच्यात हिचं स्वतःचं काय उरलं?"

मी म्हटलं, "भोंगा."

भोंगा तेवढा खरोखर तिचा होता. रबरी फुग्याचा, पितळेचा. दाबला की म्हशीच्या रेडकासारखा आवाज.

बाजाराच्या दिवशी गुलाबराव आईला घेऊन आले. अनसूयाबाई बारीक, उंच, नजर कडक. बोलणं माझ्याहून कमी. मोटारीभोवती एक फेरी मारली. बोट लावलं नाही.

"हेच काय रे ते?"

"हाव माय."

"हं," म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "मिस्त्री, हे चढ चढते काय?"

मी म्हटलं, "माझ्या हातची आहे."

"कोनाच्या हातची ते नाही इचारलं. चढ इचारला."

माझ्या गॅरेजमध्ये माझ्याशी असं कोणी बोलत नसे. वामनराव बाकावर खोकत होते. खोकला वगैरे काही नव्हता.

मी म्हटलं, "चढते."

*

दसऱ्याला मोटार गावी न्यायची ठरली. गुलाबराव पहाटेच येऊन बसले होते. दिव्यांच्या कडांना हिंगूळ लावला, जसा शिंगांना लावतात. बंपरला घुंगरांची माळ. बोनेटवर झूल टाकत होते, ती मी काढायला लावली. इंजिनाला हवा लागते. झेंडूच्या माळेला मी काही म्हटलं नाही.

मी चालवायला. शेजारी गुलाबराव, मांडीवर आपट्याच्या पानांचं गाठोडं. मागे, चांदभाईंच्या रेक्झिनवर, अनसूयाबाई ताठ बसलेल्या. वामनराव आणि चांदभाईंना बसा म्हटलं, तर वामनराव म्हणाले, "आम्ही मागून बैलगाडीत येतो. ढकलायला कोणीतरी पाहिजे."

मागून खरंच बैलगाडी येत होती. गुलाबरावांचीच. कडबा टाकलेली, बैल ताजे. मी विचारलं, ही कशाला? गुलाबराव म्हणाले, "माय म्हने, राहू दे संगं. मले काय मालूम!"

मोटार चालली. अशी चालली की मीच दोनदा कान देऊन ऐकलं. दोन्हीकडे कापूस फुटलेला. गुलाबराव दिसेल त्याला हात करत होते. नसलेल्यालाही करत होते. गाव दिसायला लागलं. मध्ये फक्त नाला राहिला होता.

नाल्यात उतरलो. पलीकडच्या चढाला लागलो. मोटार एकदा खोकली, दोनदा खोकली, आणि अर्ध्या चढावर थांबली.

काही वेळानं मागून बैलगाडी आली आणि तीही थांबली.

तेवढ्यात मागच्या सीटवर हसण्याचा आवाज झाला. अनसूयाबाई हसत होत्या! पदर तोंडाशी धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"काऊन हसून राह्यली माय?"

"इथंच रे. इथंच बंद पडली होती."

"कवा?"

"तू झाला तवा. नाल्यात आली आन् बसली मुकाट्यानं. डायवर हँडल मारून मारून थकला. देवासारखी मांगून कोनाची तरी बैलगाडी आली. मले तिच्यात घेतलं. तिच्यातच झाला तू. कडब्यावर. मंग शहरात जायचं काय काम होतं? गाडी फिरवली, मोटार मांगं बांधली, आन् घरी आलो."

गुलाबराव दाराला धरून उभे होते. मिशा तेवढ्या दिसत होत्या, बाकी चेहरा कुठं गेला होता कोण जाणे.

"मंग बाबा जे सांगत होते..."

"पाया पडून मोटार आनली होती त्यानं. सारं गाव वेशीवर पाहाले आलं होतं. ते नाल्यात बंद पडली असं कसं सांगन रे तो? मले म्हने, मोटारीतच झाला म्हनू. म्या म्हनलं, म्हन. तुले खुशी हाये नं, म्हन." मग पदरानं डोळे पुसले. "तो होता तवर नाही बोलली. तो गेला तं तू सांगू लागला."

बैलगाडीत वामनराव कडब्याची काडी मोडत बसले होते. चांदभाई बैलांकडे पाहत होते.

गुलाबरावांनी मोटारीच्या मागच्या सीटकडे पाहिलं. मग बैलगाडीतल्या कडब्याकडे. मग माझ्याकडे.

"मिस्त्री, होईन काय सुरू?"

मी उतरलो. बोनेट उघडलं. पेट्रोलची नळी काढून उजेडात धरली. तिच्या तोंडाशी नव्या हंगामाचा कापूस, बोंडातून आत्ताच उडालेला, पांढराशुभ्र.

वामनराव गाडीतून उतरून माझ्या खांद्यावरून पाहत होते. त्यांनीही पाहिला.

अनसूयाबाई मोटारीतून उतरल्या होत्या. कोणी सांगितलं नव्हतं. बैलगाडीच्या चाकावर एक हात ठेवून उभ्या होत्या.

मी नळी न फुंकता होती तशी परत लावली. बोनेट खाली केलं.

"नाही," मी म्हटलं. "साखळी लावा."

गुलाबराव काही बोलणार होते. वामनराव मध्येच म्हणाले, "मिस्त्री नाही म्हणाले म्हणजे नाही."

गुलाबरावांनी आईला दोन्ही हातांवर उचललं आणि कडब्यावर बसवलं. स्वतः पुढे बसून कासरा हातात घेतला. मागे साखळीला मोटार, झेंडूच्या माळेसकट. मोटारीत मी एकटा, स्टिअरिंग धरून.

चढ चढलो. वेशीवर सारं गाव जमलं होतं.

मी भोंगा वाजवला.