दोन्ही दिवे हिरवे

लालबागच्या एका पतपेढीत मी शिकाऊ म्हणून लागले तेव्हा कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. "दिवाळीनंतर पर्मनंट होणार आमची," असं आईने चाळीत सांगूनही टाकलं होतं. साहेब फक्त "बघू" म्हणाले होते.

मागच्या खोलीत दोन सर्व्हर होते. एक काम करायचा, दुसरा त्याची प्रत्येक नोंद उतरवून घेत बसायचा. पहिला बंद पडला तर दुसऱ्याने काम उचलायचं, काउंटरसमोरच्या माणसाला पत्ताही लागू नये. दोघांच्या मध्ये एक निळी वायर. तिच्यातूनच नोंदी उतरतात, आणि तिच्यातूनच दुसरा पहिल्याला सारखा विचारत असतो, आहेस ना? उत्तर आलं नाही की पहिला गेला असं धरून तो कारभार हातात घेतो. हे मला सिस्टिम सांभाळणाऱ्या दादाने शिकवलं.

मला त्या दुसऱ्या मशीनचा भरवसा वाटत नसे. ते काम करताना मी कधी पाहिलंच नव्हतं. आई म्हणाली, "नुसतं बसून असतं? मग वेळेला उठेल कशावरून?" कामावर असलेल्याचा दिवा हिरवा, थांबलेल्याचा पिवळा. रोज सकाळी मी आधी तो पिवळा दिवा बघायचे.

खंडेनवमीला ती खोली मी पुसून काढली. मशीनना हळदकुंकू लागलं. साहेबांनी स्वतः दोन्ही मशीनना मिळून झेंडूचा एक मोठा हार घातला, आम्ही टाळ्या वाजवल्या, फोटो निघाले. दसऱ्याची सुट्टी संपवून आले तर दोन्ही दिवे हिरवे.

"दादा, दुसरा पण हिरवा झालाय."

"मग चांगलंच की गं! पूजा पावली."

सगळे हसले. मीही हसले, पण पुन्हा जाऊन पाहून आले.

दुपारी एक आजी तिसऱ्या काउंटरवर पासबुक छापायला आल्या. सकाळी त्यांनी पहिल्या काउंटरवर पैसे भरले होते. काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीन पाहिला. "आजी, आज तुम्ही काही भरलेलं नाही."

"अगो बाय, त्या पयल्या खिडकीर दिलंय मी! माका खुळी समाजतंस काय?"

बाईंनी आधी आजींकडे संशयाने पाहिलं, मग पहिल्या काउंटरवाल्याकडे. तो चिडला. "माझ्याकडे दिसतायत की! ये, बघ."

मी दोन्ही स्क्रीन ताडून पाहिले. सकाळी काउंटरवरचा कॉम्प्युटर सुरू झाला की जो सर्व्हर आधी उत्तर देईल त्याला तो धरतो. म्हणजे काही काउंटर एकाकडे लागले होते, काही दुसऱ्याकडे, आणि दोघेही मालक होऊन बसले होते.

काउंटर थांबवले. साहेब मागे आले. "मशीनला हात कुणी लावला होता?"

दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, "सफाई हिने केली, साहेब."

केली होती. फडका वायरला लागला का, हे मला शपथेवर सांगता आलं नसतं. आईने चाळीत सांगितलेलं आठवलं.

"साहेब, हार बाजूला करून बघू का?"

भिंतीला खिळा नव्हता, म्हणून हाराचा दोरा निळ्या वायरलाच बांधलेला होता. वजनाने वायर सुटून फुलांत लटकत होती. दोऱ्याची गाठ मात्र पक्की होती. ती कुणी मारली, हे खोलीतल्या प्रत्येकाला आठवत होतं. कुणी बोललं नाही. मीही नाही.

"वायर जुनी झालीय," दादा म्हणाला.

"बदलून घ्या," साहेब म्हणाले, आणि आजींसाठी चहा सांगितला.

दुसरा सर्व्हर थांबवून त्याच्याकडच्या नोंदी आम्ही हाताने पहिल्यात चढवल्या. आजींचं पासबुक मी छापून दिलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ धरून नीट वाचलं, मगच पिशवीत ठेवलं.

दिवाळीनंतर साहेबांनी मला पर्मनंट केलं. "हुशार आहेस," म्हणाले, "आणि समजूतदारही." दोन्हीतलं नेमकं कशासाठी केलं, ते मला अजून कळलेलं नाही. आई चाळभर पेढे वाटत फिरली. मी मागच्या खोलीत गेले की दादा काहीतरी निमित्त काढून पाठोपाठ येतो, मी कशाला हात लावते ते बघत उभा राहतो.

पुढच्या खंडेनवमीला मी घरून खिळा आणि हातोडी घेऊन गेले.