रूथच्या भिंतीवरचा रिकामा खिळा

ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडहून निघताना लेकीनं, म्हणजे अनघानं, माझ्या बॅगेत शाल आणि डोक्यात एक काम कोंबलं. "आई, तू हो म्हणालीस तर मीही हो म्हणेन. पण घराण्याची चौकशी नीट कर."

माझ्या नातीनं, सईनं, लग्नासाठी शोधलेला केलेब दक्षिण युटामधल्या मॉर्मन (एक ख्रिस्ती पंथ) घरातला. त्याच्या आजीला भेटायला सई आणि मी निघालो होतो. चौकशीत मी जुनी तरबेज. या देशात नवी आले तेव्हा साडीवर स्वेटर आणि पायात कॅनव्हासचे बूट अशा अवतारात दर पॉटलकला (प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचं जेवण) मी लोकांची कुळं विचारत असे. कुणी विचारलं नाही तरी आपलं सांगत असे, "आमच्या माहेरी तलवार आहे." ती बाई आज भेटली तर मी तिला भांडी घासायला बसवीन.

लास वेगसला उतरून भाड्याची गाडी घेतली. नदीनं कापलेल्या घळीतून रस्ता वर चढू लागला आणि दोन्हीकडे भाजलेल्या विटांच्या रंगाचे डोंगर उभे राहिले. ह्यूस्टनच्या दमट हवेतून आलेल्या माझे ओठ पापडासारखे वाळले. त्यात मी सीट तापवायचं बटण दाबून बसले होते. अर्धा रस्ता मी युटाच्या उन्हाला नावं ठेवली, मग सईनं ते बंद केलं.

"आजी, सीट हीटर ऑन होता."

"मला वाटलं वाळवंट आहे."

केलेबची आजी रूथ दारातच उभी होती. माझ्याच वयाची, उंच, एप्रनला हात पुसत. सईनं शिकवल्याप्रमाणे ती मला "आज्जी" म्हणाली, तेही जोडाक्षराला हवा तेवढा जोर देऊन. चहा-कॉफी त्यांच्यात वर्ज्य, म्हणून लिंबाचं सरबत आलं. मग टेबलावर चीजमध्ये भाजलेले बटाटे, वर कुरकुरीत कॉर्नफ्लेक्स. नाव विचारलं तर म्हणे फ्युनरल पोटॅटोज, इथे अंत्यविधीनंतरच्या जेवणात हमखास असतात. सोयरिकीला दहाव्याचं जेवण. पण चव अशी की मी दोनदा घेतले.

जेवणानंतर मी कामाला लागले. "तुमचं मूळ घराणं कुठलं?"

असं विचारलं की अमेरिकन माणूस सहसा खांदे उडवतो. रूथचा चेहरा उजळला. ही मंडळी पूर्वजांचा शोध धर्मकार्य म्हणून घेतात, हे मला कुठे ठाऊक होतं? जिन्याच्या भिंतीवर पिढ्यान्‌पिढ्यांचे फोटो लावलेले होते. तिनं एकेकाचं नाव, गाव, बोट कुठून सुटली, कोण वाटेत गेलं, सगळं घडाघडा सांगितलं. आमच्या गावचे भटजीही इतकं सांगत नसत. मधे एक खिळा मात्र रिकामा होता. रूथ त्यावरून पुढे गेली.

"हा कुणाचा?"

मागे उभा असलेला केलेब घाईनं म्हणाला, "आज्जी, ॲपल पाय घेऊ या का?" सई जमिनीकडे बघत होती.

रूथ म्हणाली, "उद्या दाखवते."

झोपायच्या खोलीत सईनं माझा हात धरला. "केलेबनं मला फर्स्ट मंथमध्येच सांगितलंय. मम्मा विल कॅन्सल एव्हरीथिंग, आजी."

"आधी मला बघू दे."

सकाळी आम्ही चौघं एका कुरणाकडे गेलो. उंचावर, डोंगरांच्या कुशीत. वाळलेलं गवत, सेजब्रश (करड्या पानांचं उग्र वासाचं झुडूप), बारीक ओहोळ. लांबच्या प्रवासात बैलांना चारा-पाणी द्यायला याहून चांगली जागा मलाही सुचली नसती. मधे दगडांचा एक ढीग रचलेला होता.

रूथ त्याच्यापाशी उभी राहून सावकाश बोलली. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियाला निघालेली बिऱ्हाडं इथे गाड्या सोडून थांबली. इथल्या मॉर्मन वसाहतवाल्यांनी त्यांना घेरलं. काही दिवसांनी पांढरं निशाण घेऊन गेले. शस्त्रं ठेवा, सुखरूप पोचवतो, असा शब्द दिला. लोकांनी शस्त्रं ठेवली. मग पुरुष, बाया, मोठी मुलं, सगळ्यांना मारलं. दोष पुष्कळ वर्षं इथल्या आदिवासींवर ढकलला.

"फक्त अगदी लहान मुलं ठेवली. मारणाऱ्यांत माझे खापरपणजोबा होते. एक मुलगी त्यांनी घरी आणली. नातलगांकडे परत जाईपर्यंत ती आमच्यातच होती. घरात सांगतात, ती सगळ्यांच्या हातून जेवायची. त्यांच्या हातून नाही."

वाऱ्यानं गवत एका बाजूला झोपत होतं. केलेबनं सईचा हात धरला नव्हता. तो माझ्याकडे बघत होता.

"आणि तुमच्याकडे?" रूथनं विचारलं.

जिभेला सवय होती. "आमच्या माहेरी तलवार आहे," मी म्हणाले. "दसऱ्याला तिला झेंडू वाहतात. पूर्वज चौथाई (मराठी फौजेनं घ्यायची खंडणी) वसुलीला लांबच्या मुलखात जात."

"तिथल्या लोकांचं काय झालं?"

पॉटलकमधल्या त्या स्वेटरवालीला हे कुणी विचारलंच नव्हतं. तिनंही कधी विचारलं नव्हतं. "मला माहीत नाही," मी म्हणाले. रूथनं मान हलवली.

परत निघताना मी म्हणाले, "रूथ, तो फोटो कुठाय?"

"कपाटात. माझ्या आईनं उतरवला होता."

"लावा. सोयरीक करायची तर अख्खी भिंत बघायला हवी."

घरी पोचल्यावर केलेबनं शिडी धरली, रूथ स्वतः चढली. फोटोतला तिचा खापरपणजोबा दाढीवाला साधा शेतकरी दिसत होता. रूथ उतरून त्याच्याकडे बघत राहिली.

शुगर लँडला पोचल्यावर अनघाला सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. ओटा पुसता पुसता ती म्हणाली, "आई, उद्या सईच्या मुलांनी विचारलं तर?"

"तर रूथ सांगेल. तिला येतं. मला शिकावं लागेल."

"ठीक आहे," अनघा शेवटी म्हणाली. "लग्नात त्या बटाट्यांचं नाव मात्र बदला." सई रडत रडत हसली.

मग मी सांगलीला भाच्याला फोन लावला. तलवार त्याच्याकडे असते.

"दसऱ्याला झेंडू वाहशील तेव्हा ती कुणावर चालली, हेही मुलांना सांग."

"आत्या, ते कुणाला माहीत आहे?"

"आपल्याला माहीत नाही, असं सांग. तिथून सुरू कर."