चित्राहुती होईपर्यंत

बाबा जेवायला बसले की हातात पाणी घेऊन ताटाभोवती फिरवायचे आणि भाताची चार-पाच शितं काढून ताटाच्या उजव्या बाजूला ठेवायचे. ही चित्राहुती. ती झाल्याशिवाय घरात कुणी घास उचलायचा नाही. मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत दुसरी कसलीच शिस्त नव्हती, टॉवेलसुद्धा कुणाचा कुणीही ओढायचं. पण ही एक होती.

माझा धाकटा भाऊ मतिमंद. तेव्हा हाच शब्द होता, तोच मी वापरते. त्याला ताई, पाणी आणि नको, एवढे तीन शब्द यायचे. ताट आलं की दोन्ही हातांनी तुटून पडायचा. पाहुण्यांसमोर आईचं तोंड एवढंसं व्हायचं. तो नऊ वर्षांचा आणि मी चौदाची असताना मी ठरवलं, ह्याला शिकवायचंच. माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. लाकडी पट्टी घेऊन त्याच्या शेजारी बसायचे. बाबांच्या आधी हात पुढे आला की पालथ्या हातावर पट्टी. आई म्हणायची, "पुरे गं, त्याला काय कळतंय!" मी म्हणायचे, "कळतंय, चांगलं कळतंय." सात-आठ महिने लागले. पण शिकला. हात मांडीवर ठेवून बाबांच्या बोटांकडे टक लावून बघत राहायचा आणि शितं ठेवून झाली की मगच पहिला घास. येणारे-जाणारे कौतुक करायचे, "अहो, शहाण्या मुलांना जमत नाही हे!" आणि मी अशी मिरवायचे, काही विचारू नका.

पुढे माझ्या लग्नाचं बघायला लागले. मुलाकडची माणसं यायची, पोहे खायची, भाऊ आतून डोकावला की चहा अर्धा टाकून उठायची. तिसऱ्या नकारानंतर बाबांनी बोरिवलीच्या पलीकडे, खाडीच्या बाजूला असलेल्या एका वसतिगृहाचा फॉर्म आणला. मतिमंद मुलांना कायमचं ठेवून घेणारं. फॉर्म मी भरला, अक्षर माझं चांगलं म्हणून. 'सवयी' ह्या रकान्यात लिहिलं : चांगल्या. स्वतःच्या हाताने व्यवस्थित जेवतो. चित्राहुतीचं काही लिहिलं नाही. सुचलंच नाही हो! घरात सगळेच थांबतात, त्यात सांगण्यासारखं काय आहे असं वाटलं.

जूनमध्ये त्याला ठेवला. भेट फक्त रविवारी, तीन ते पाच. आम्ही आवारातल्या बदामाखाली बसायचो. आई शंकरपाळ्यांचा डबा उघडायची, बाबा एक तोंडात टाकायचे, आणि मग हा जो खायला लागायचा तो डब्याचा तळ दिसेपर्यंत. आई खूश व्हायची. म्हणायची, "भूक छान आहे हो." दिवाळीपर्यंत त्याच्या चड्डीची नाडी दोनदा गुंडाळून बांधायची वेळ आली. तिथल्या मुख्य बाई म्हणाल्या, "तुम्ही घरचं आणता म्हणून इथलं खात नाही. नखरे करतो. आणणं बंद करा." आम्ही गुणी माणसं, बंद केलं.

डिसेंबरात, मी नोकरीला होते त्या बँकेला एक आडवारी सुट्टी होती. लग्न ठरलं होतं, फाल्गुनातली तारीख निघाली होती. आईनं विणलेला स्वेटर द्यायला मी एकटीच गेले, साडेअकराला पोचले. वॉचमननं व्हरांड्यात थांबायला सांगितलं. समोरच्या खिडकीतून जेवणघर दिसत होतं. चाळीसेक मुलं फरशीवर ओळीनं बसलेली. तिथल्या कामाच्या मावशी बादलीतून वाढत निघाल्या आणि वाढेल तशी मुलं जेवायला लागली. माझा भाऊ मात्र हात मांडीवर ठेवून बसला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, परत डावीकडे. तो बाबांना शोधत होता. शेजारच्या मुलानं त्याचा भात ओढून घेतला तरी हा तसाच. दहा-बारा मिनिटांत मावशींनी ताटं गोळा केली. त्याचंही नेलं. मग तो उठला, बाकीच्यांच्या मागून नळावर गेला आणि कोरडे, स्वच्छ हात धुऊन आला.

सहा महिने तो हे करत होता. अंगातलं मांस आपोआप थोडंच गेलं?

मावशी मालवणकडच्या होत्या. मी त्यांच्यावर ओरडलेच. त्या शांतपणे म्हणाल्या, "गो बाय, ह्यो रोज असोच बसता. कधी मी भरवतंय चार घास. पण माका दोनच हात आसत, आणि पोरां चाळीस." मुख्य बाईंकडे गेले तर त्या म्हणाल्या, "एकेकाचे लाड कोण पुरवणार? आणि हे फॉर्ममध्ये का नाही लिहिलंत?" त्यांचा राग आला, आजही येतो. पोर उपाशी उठतंय हे सहा महिन्यांत एका माणसाला दिसू नये? पण फॉर्मवरचं अक्षर माझं होतं.

घरी येऊन सगळं सांगितलं. आई पदर तोंडात धरून रडली. मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. 'त्याला घरी आणूया', एवढंच मी म्हणायचं होतं. होणाऱ्या सासरी सांगितलं होतं की भावाला शिक्षणासाठी बाहेर ठेवलंय. मी ते वाक्य म्हटलं नाही. म्हटलं, "मी रजा टाकते. शिकवलं मी, तर विसरायलाही मीच लावते."

मुख्य बाईंची परवानगी काढून बारा दिवस रोज गेले. जेवणाच्या वेळी त्याच्यासमोर बसायचे. त्याचा हात धरून भातावर ठेवायचे, म्हणायचे, "जेव रे राजा, थांबू नकोस." तो हात मागे घ्यायचा आणि पालथा करून माझ्यापुढे धरायचा. पट्टीसाठी. चार दिवस रोज त्यानं असा हात पुढे केला. मी तिथेच हुंदके देऊन रडायचे आणि ती पोरं खदाखदा हसायची.

गोडीनं जमेना. मग मी दुसरं केलं. ताट आलं की त्याच्यादेखत त्याची पोळी उचलायची. बघत बसलास तर गेलं, हे त्याला कळायला हवं होतं. आठव्या दिवशी तो "नको" म्हणाला. दहाव्या दिवशी मी हात पुढे करताच त्यानं डावा हात ताटाभोवती घातला, खाली वाकला आणि उजव्या हातानं भात तोंडात कोंबायला लागला. कुणाकडेही न बघता. मी ओरडले, "मावशी, बघा, जेवतोय!" त्यांनीही पदरानं डोळे पुसले. बारावा दिवस झाला, मी निश्चिंत मनानं परत आले आणि बस्त्याच्या खरेदीला लागले.

लग्नात तो नव्हता.

गणपतीत मी माहेरी आले. आमचा दीड दिवसाचा गणपती. बाबांनी त्याला दोन दिवसांसाठी घरी आणलं होतं. अंगानं बरा दिसत होता. आईनं केळीची पानं मांडली, त्याच्या पानावर मोदक वाढले, वर तूप. बाबांनी हातात पाणी घेतलं.

तेवढ्यात भावानं पानाभोवती हात घातला आणि तो खाली वाकला. दोन मोदक एकदम कोंबले, ठसका लागला तरी थांबेना. मध्येच त्यानं मान वर केली, ती फक्त माझ्याकडे बघायला. आणि माझ्याकडे बघत बघत पान आणखी जवळ ओढलं.

"ताई नको," तो म्हणाला.

बाबांच्या हातातलं पाणी तसंच खाली सांडलं. "जेवू दे त्याला," ते म्हणाले आणि चित्राहुती न घालताच त्यांनी पहिला घास घेतला. मी माझं पान उचललं आणि आत, स्वयंपाकघराच्या ओट्याशी जाऊन बसले, त्याला दिसणार नाही अशी.