वांग्याची जाळी
वांगं भाजल्याचा वास आला की मला मोशीच्या फ्लॅटमधली ती दुपार आठवते. मी माझा गेमिंग लॅपटॉप ओव्हरक्लॉक केला होता, म्हणजे कंपनीने ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त पळवत होते, आणि तो तापून दोनदा बंद पडला होता. दादा म्हणाला, "स्पीड कमी कर, जाळशील. तिसऱ्यांदा बंद पडला तर लॅपटॉप माझा." मी म्हटलं, "चालेल." चाकणच्या कारखान्यात मी लोखंड कापायच्या मशीनवर होते. तिथे कापायचं टूल तापलं की आम्ही स्पीडला हात लावायच्या आधी ते गार ठेवणाऱ्या कूलंटची नळी नीट लागलीय का ते बघायचो. इथे लॅपटॉप आईने विणलेल्या जाड टेबलक्लॉथवर बसवलेला. खालून हवा शिरणार कुठून? मी स्वयंपाकघरातून वांगं भाजायची, पाय असलेली काळी जाळी आणली आणि लॅपटॉप तिच्यावर ठेवला. "अगं, माझी जाळी!" आई ओरडली. दादा हसला, "आता भरीतच कर त्याचं." मी स्पीड आणखी वाढवला आणि खेळायला बसले. लॅपटॉप बंद पडायची वाट बघून तासाभराने दादाच कंटाळून उठला. आईने नंतर नवी जाळी आणली. परवा दादा स्वतःचा तापलेला लॅपटॉप घेऊन आला आणि म्हणाला, "ती जुनी जाळी दे की जरा." मी म्हटलं, "स्पीड कमी कर."