शेवंतीखालचे सात डाग

सुई हातात घेण्याआधी अक्का समोरच्याचं मनगट स्वतःच्या तळहातावर घ्यायची, उजेडाकडे वळवायची आणि कापडाच्या दुकानात बायका पोत बघतात तसा अंगठा कातडीवरून कोपरापर्यंत सावकाश फिरवायची. मग म्हणायची, "बोल. अर्थ तुना, सुई मनी." अर्थ तुझा, सुई माझी.

तुम्ही जळगावचे असाल तर तिला पाहिलं असणार. बांगड्यांच्या दुकानाला टेकलेली पत्र्याची टपरी, दोन स्टुलं, बॅटरीवर चालणारं मशीन आणि खिळ्याला टांगलेला डिझाइनांचा अल्बम. वय साठीच्या पुढचं. कपाळावर आणि हनुवटीवर हिरवे ठिपके, तिच्या आईनं हातसुईनं गोंदलेले. तिची अहिराणी मला पुरती लिहिता येत नाही. निम्मी माझ्या मराठीतून येते, तेवढं चालवून घ्या.

त्या अल्बमात प्रत्येक फुलाखाली त्याचा अर्थ छापलेला होता. गुलाब म्हणजे प्रेम, कमळ म्हणजे पावित्र्य. सगळ्यांत जास्त ओळी शेवंतीला: दीर्घायुष्य, निष्ठा, संकटानंतरचं सुख. आणि खाली बारीक अक्षरांत, काही देशांत ही फुलं फक्त मयताला वाहतात. अक्काला वाचता येत नव्हतं. गिऱ्हाईक वाचून दाखवायचं, ती मान डोलवायची आणि पुन्हा तेच, अर्थ तुना.

एकदा माझ्यादेखत कॉलेजातला एक पैलवान आला. म्हणाला, "अक्का, मानेवर शेवंती पाहिजे. पॉवरचं चिन्ह आहे ते."

"पॉवर? दसऱ्याले ट्रकना तोंडवर बांधतस ती शेवंती. तू ट्रक शे का?"

शेवटी त्यानं खांद्यावर काढून घेतली आणि तिसऱ्या पाकळीला "आई गं" म्हणाला. अक्का म्हणाली, "ट्रक पंक्चर झाला."

आमची ओळख भांडणातून झाली. धुळ्याजवळच्या एका जत्रेत गोंदणाऱ्या बायका एकाच सुईनं दिवसभर हात गोंदतात, असं आमच्या महिला संघटनेला कळलं होतं. 'एक सुई, हजार रोग' हे पत्रक मीच लिहिलं होतं, तीन उद्गारचिन्हांसकट. पहिली सापडली ती अक्का. तिच्या चटईसमोर उभं राहून मी ते पूर्ण वाचलं, तारस्वरात. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग मांडीखालून नव्या सुयांचं पाकीट काढलं, माझ्यासमोर फोडलं आणि म्हणाली, "आवाज मोठा शे तुना. आते हाई पोरीना हात धर, रडी ऱ्हायनी."

मी हात धरला. त्या दिवशी अकरा पोरींचे हात धरले. पत्रकं तशीच पिशवीत राहिली.

पुढं तिनं आमची पत्रकं टपरीत लावली. भिंतीवर नाही, गिऱ्हाइकाच्या स्टुलासमोर, डोळ्यांच्या उंचीवर. "हात माझ्याकडं अडकलेला शे, तोवर बाई पळत नाही," ती म्हणायची. "तेव्हाच वाचती." 'मारहाण हा घरगुती प्रश्न नाही, गुन्हा आहे' हे पत्रक आम्ही किती गावांत वाटलं. पण त्यावरचा फोन नंबर बघून ज्या बायका आमच्या ऑफिसात आल्या, त्यांतल्या कितीतरी जणींच्या हातावर गोंदण ताजं होतं.

आणि बहुतेकींच्या हातावर शेवंती होती. त्याचं कारण मला उशिरा कळलं. गुलाबाला पाकळ्या ठरलेल्या, कमळाला रेषा ठरलेली. शेवंतीला हव्या तितक्या पाकळ्या काढा, हवी ती कुठंही वळवा. तिच्याखाली काहीही झाकतं. सोडून गेलेल्या नवऱ्याचं नाव झाकतं, बिडीचा चटका झाकतो, इस्त्रीचं टोक झाकतं. अक्का आधी हातावर बटर पेपर ठेवायची, लाल पेनानं प्रत्येक डाग जसाच्या तसा उतरवून घ्यायची, मग त्याच कागदावर निळ्या पेनानं पाकळ्या बसवायची. काम झालं की कागद बिस्किटाच्या डब्यात.

"कशाला ठेवतेस हे?" मी विचारलं होतं.

"मेल्यावर गोंदण तेवढं सोबत जातं म्हणतात," ती म्हणाली. "मग जे झाकलं ते कुठं जाईल? ते इथं राहू दे."

आता रेखा. हे तिचं खरं नाव नव्हे. भडगावकडच्या एका गावात दिलेली, भाऊ इथं मेहरूणला. नवऱ्यानं चुलीत तापवलेल्या सांडशीनं तिच्या उजव्या हातावर सात चटके दिले होते. एका दिवसात नाही, सात वेळा. ती भावाकडे निघून आली तेव्हा डाग जुने, कोरडे झाले होते, पण सांडशीच्या टोकाची खाच प्रत्येकात दिसत होती. तिला नवऱ्याकडे परत जायचं नव्हतं. पण भाऊ आणि गावातले नाना-आबा ऐकणार होते ते फक्त कागदावर काही ठरलं तर. त्या सात डागांची सरकारी दवाखान्यात नोंद झाली, तरच ती वाचणार होती. ती आमच्या ऑफिसात आली त्या पहिल्याच दिवशी हे मला कळलं होतं.

आणि मी काय केलं? थांबले. पुढच्या सोमवारी आमचा मोर्चा होता. रेखानं तिथं सगळ्यांसमोर हात वर करावा, पेपरवाल्यांनी फोटो घ्यावा, आणि मग आम्ही घोषणा देत तिला दवाखान्यात न्यावं, असा माझा बेत होता. दवाखाना कुठं पळून जातो, असं म्हणाले. आठ दिवसांचा तर प्रश्न.

त्या आठ दिवसांत तिच्या धाकट्या बहिणीचा साखरपुडा आला. वहिनी म्हणाली, "पाहुण्यांना वाढायला तू येऊ नको हो, हात दिसतो." रेखा दुसऱ्या दिवशी अक्काच्या टपरीत गेली.

सोमवारी मोर्चात तिनं हात वर केला. मनगटापासून कोपरापर्यंत भरगच्च शेवंती, एकही डाग नाही. फोटोवाला मला म्हणाला, "ताई, छान काढलंय. पण बातमी काय?"

मी तशीच टपरीत गेले. गिऱ्हाइकांसमोर ओरडले. "पुरावा मिटवलास अक्का! तिचा एकुलता एक पुरावा!"

अक्कानं मशीन बंद केलं. "पुरावा तुना," ती म्हणाली. "हात तिना."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"ती सांगत होती, बहिणीच्या ताटात उघड्या हातानं पोळी वाढायची शे. मी वाढू दिली." मग म्हणाली, "तू तिला दवाखान्यात कधी नेणार होतीस?"

मी पिशवी उचलून बाहेर पडले. मग तीन महिने त्या रस्त्यानं गेले नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लिहिलं, गोंदणामुळे निश्चित मत देता येत नाही. ठाण्यातला हवालदार रेखाला म्हणाला, "टॅटू काढून फिरते, आणि म्हणे छळ." नाना-आबा बसले, चहा झाला, समजूत घालण्यात आली. 'समजूत घालणे' हा आपल्याकडचा सगळ्यांत सभ्य गुन्हा आहे. त्याला कलम नाही. रेखाला परत पाठवलं.

तिसऱ्या महिन्यात ती शेतातल्या विहिरीत सापडली. पाय घसरला, असं सासरच्यांनी सांगितलं आणि तसंच लिहिलं गेलं. मी पोचले तेव्हा तिरडीवर पिवळ्या शेवंतीचे हार होते. हारांतून एक हात बाहेर आला होता. कुणीतरी तो आत सारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का आमच्या ऑफिसच्या पायरीवर बसलेली. बाजाराचा दिवस, तरी टपरी बंद. मांडीवर बिस्किटाचा डबा.

"पोलिसाकडं चल," म्हणाली.

हे वाक्य तिच्यासाठी केवढं होतं ते सांगायला हवं. गोंदत गावोगाव फिरणाऱ्या तिच्या जातीच्या लोकांना पोलीस ठाणं ठाऊक असतं ते एकाच कारणासाठी: कुठंही चोरी झाली की आधी यांना उचलतात. तिचा नवरा तसाच उचललेला, परत आला तो लंगडत. ठाण्यावरून जाताना ती रस्ता ओलांडून पलीकडून चालायची. ती बाई त्या दिवशी भडगावच्या बसमध्ये डबा छातीशी धरून बसली आणि वाटेत एकदाच बोलली. "अल्बमात शेवंतीचं काय लिहिलंय म्हणालीस?"

"दीर्घायुष्य," मी म्हणाले.

"ज्यानं छापलं त्यानं कुणाचा हात धरला नसेल कधी."

ठाण्यात तिनं रेखाचा बटर पेपर टेबलावर पसरला. सात लाल डाग, खऱ्या मापाचे, त्यांच्यावर निळ्या पाकळ्या.

"हे काय, रांगोळी?" साहेब म्हणाले.

"सांडशी आणा साहेब. त्यांच्या चुलीजवळची. टोक लावून बघा. सातही ठिकाणी बसंल."

"यावर नाव कुठंय? तारीख?"

"मला लिहिता येत नाही. मी हात ओळखते."

साहेब हसले. पण अक्का उठेना. दुपार टळेपर्यंत ती बाकावर बसून राहिली, हात मांडीवर. शेवटी त्यांनी जबाब घेतला, तिचा अंगठा घेतला, कागद जमा करून घेतला. मी समोरच्या दुकानातून त्याची झेरॉक्स मारून घेतली, हवालदाराला सोबत नेऊन. बसमध्ये मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

सांडशी पुढं पंचनाम्यात जमा झाली. छळाचा गुन्हा नोंदला गेला. नवरा जामिनावर सुटला. आणि अक्काच्या टपरीसमोर पालिकेची माणसं उभी राहायला लागली: परवाना दाखव, जागा कुणाची, सुया कुठून आणतेस. महिन्याभरात टपरी उचलली. माझं तीन उद्गारचिन्हांचं पत्रक त्यांनी तिलाच पुरावा म्हणून दाखवलं. ते मी लिहिलं होतं.

धुळ्याला लेकीकडे जाण्याआधी ती तीन दुपारी आमच्या ऑफिसात बसली. डब्यातला एकेक कागद काढायची, लाल डागांवर अंगठा फिरवायची आणि सांगायची, "ही वरणगावची. इस्त्री. डावा हात. ही हसायची फार. लिही." मी नाव लिहायचे, साल लिहायचे. एक कागद तिनं बराच वेळ धरला. उलटा केला, उजेडाकडे नेला. "हाई कोन शे?" ती स्वतःलाच विचारत होती. "हात आठवत नाही." तिला मी रडताना पाहिलं ते तेवढंच.

खटला उभा राहिला तेव्हा वकील म्हणाले, ज्यांनी तो कागद काढला त्यांची साक्ष लागेल. मी धुळ्याला फोन केला. लेक म्हणाली, "अक्का गयी ना ताई. चार दिन व्हई ग्यात. छाती भरेल होती."

मग वकील म्हणाले, निदान मूळ कागद तरी. ठाण्यातून उत्तर आलं, सांडशी आहे, कागद सापडत नाही. मी म्हणाले, माझ्याकडे झेरॉक्स आहे. आणि ती त्यांच्यासमोर ठेवली.

त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. "यात डाग कुठले, ताई? मला तर फूल दिसतंय."

झेरॉक्सवर लाल नसतं आणि निळं नसतं. सगळं काळं. इतके दिवस तो कागद माझ्या फायलीत होता आणि मी एकदाही उघडून पाहिला नव्हता.

तारीख पुढच्या महिन्यात आहे. रोज ऑफिस उघडलं की पहिल्यांदा मी तो कागद खिडकीशी नेते, लाल पेन घेते आणि अंगठा रेषांवरून फिरवते, ती फिरवायची तसा. सांडशीच्या टोकाची खाच शोधते. सहा डाग सापडतात. सातवा पाकळ्यांत कुठं आहे, ते तिलाच माहीत होतं.