शकिलाभाभीनं चालवलेला हत्ती

शकिलाभाभीला सगळ्या लातूरचं चांगलं झालेलं चालायचं, फक्त सरजाबाईचं चालायचं नाही. बाकी बाई सोन्यासारखी होती हो. शेजारणीच्या पोरीच्या लग्नात तीन दिवस चुलीपुढून हलली नव्हती. पण सरजाबाईचं नाव निघालं की तिचं तोंड असं व्हायचं, जसं कुणी चहात मीठ टाकलंय.

गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत मकबूलभाईचं वाइंडिंगचं दुकान होतं. पंखा जळाला, मिक्सर जळाला, बोअरची मोटर जळाली की लोक तिथं आणून टाकायचे. बोर्डावर नाव मकबूलचं, पण तार गुंडाळायची शकिला. घरात, पलंगावर बसून पाय खाली सोडून, एका बैठकीत. ती नांदेडची. तिचा बाप तिथं हेच काम करायचा आणि ही फ्रॉक घालत होती तेव्हापासून त्याच्या शेजारी बसून वेढे मोजायची. नुसता वास घेऊन सांगायची, ही मोटर कोरडी चालून जळाली का व्होल्टेजनं. मकबूलभाई गिऱ्हाइकाला म्हणायचे, "थांबा, आत विचारून येतो." गिऱ्हाइकाला वाटायचं आत कोणी मोठा मिस्त्री बसलाय.

गोष्ट दोन हजार पाच-सहाची. तेव्हा लातुरात क्लासचं असं पीक आलं होतं की काय सांगावं! जळकोटहून, चाकूरहून, पार तिकडून उमरीहून पोरं पत्र्याची पेटी घेऊन यायची आणि एकेका खोलीत चार-चार राहायची. श्रीमंत सरांचा क्लास तीन मजली. दहावी-बारावीचं भरलं तेव्हा सरांनी सातवी-आठवीची बॅच काढली आणि ठरवलं, प्रत्येक पोराला मोटरवर चालणारा एक प्राणी द्यायचा. खोक्यात सुटे भाग, इवलीशी मोटर, गिअर, दोन पेन्सिल सेल. पोरानं कागदावरची चित्रं बघून स्वतः बांधायचा आणि चालवायचा. पण बाजारात असे प्राणी बरेच. कुठला घ्यायचा? मग सर म्हणाले, आधी आपण बांधून बघू, मार्क देऊ, मग ठरवू.

क्लासचे पंखे शकिलाभाभीच्याच हाताखालून जायचे, हे सरांना एव्हाना कळलं होतं. त्यांनी बोलावणं धाडलं. ही बुरखा सावरत, मनात फुगत तिसऱ्या मजल्यावर गेली, तर टेबलापाशी आधीच सरजाबाई बसलेली.

सरजाबाई तिथं झाडलोट करायची, काचेच्या नळ्या धुवायची. सातवी पास. औसा तालुक्यातल्या तिच्या गावात त्र्याण्णवच्या भूकंपानं एक भिंत उभी ठेवली नव्हती. नवरा गेला, सासू गेली. उजव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून वळत नव्हती.

"तुम्ही दोघी वेगवेगळं बांधा, वेगवेगळे मार्क द्या," सर म्हणाले. "आणि महिन्याभरानं दोघींतली एक इथं कायमची. प्रयोगशाळेच्या बाई म्हणून. कपाटाच्या किल्ल्या तिच्याकडं."

कायमची! टेबल, खुर्ची, किल्ल्या! वीस वर्षं मोटरी बांधल्या, पण बाहेर कुठं एक खुर्ची तिच्या नावाची नव्हती.

आणि आग तिथंच लागली. कारण कोणी पाहुणा आला की सर ओळख करून द्यायचे, "ह्या आमच्या सरजाबाई. भूकंपातल्या." झालं. पाहुणा गप्प व्हायचा, डोळे खाली, कोणी खुर्ची पुढं सारायचं, कोणी पाणी. मग सर शकिलाकडं वळायचे. "आणि ह्या... मकबूलभाईंच्या घरच्या."

घरच्या! भूकंप झाला तेव्हा शकिला नांदेडला माहेरी बाळंतपणाला होती. पलंग हलला, मांडणीवरची भांडी वाजली, बस. लातूरच्या घराला एक बारीक चीर पडली, ती मकबूलभाईनं चुन्यानं बुजवली. एक दिवस जिना उतरताना तिच्या मनात आलं, आपल्या घराचा निदान एक कोपरा पडला असता तर... आणि तिनं तिथंच स्वतःच्या गालावर चापट मारून घेतली. तोबा तोबा! पण विचार आला तो आलाच.

घरी मकबूलभाई हसायचे. "अगे, तू जलती किसपे? उसका पूरा घर गया, उसपे?"

"घर पे नै जलती," ती म्हणायची. "कुर्सी पे जलती."

पहिलं आलं कासव. शकिलानं पाऊण तासात बांधलं. फर्शीवर खडूची रेघ मारलेली होती, त्या रेघेवरून ते असं सरळ गेलं की सर टाळ्या वाजवायला लागले. सरजाबाईनं दीड दिवस घेतला. एक स्टीलचं ताट घ्यायची, त्यात सगळे भाग मांडायची, गहू निवडायला बसल्यासारखी, आणि एकेक भाग उचलून कागदावरच्या चित्राला लावून बघायची. शकिलानं कागद उघडलाच नाही. मोटर बघितली की तिला आतलं सगळं दिसायचं.

"सरजाबाई, ज्वारी निवडून झाली असली तर भाकरी टाका की," ती म्हणाली.

"टाकते की भाभी," सरजाबाई वर न बघता म्हणाली. "पीठ जरा जाडं निघालंय."

बाई भांडायचीच नाही. दगडावर डोकं आपटावं तसं.

मार्कांच्या फॉर्मवर शकिलानं लिहिलं, "चांगला हाय. चालतो. ९." सरजाबाईनं मोठ्ठ्या अक्षरांत अर्धं पान भरलं. तिसऱ्या चित्रात उजवा पाय दाखवलाय, डब्यात दोन्ही डावे हायत. स्क्रू बारीक हाय, लेकराच्या हातून पडला की गेला. सर वाचून इतके खूश झाले! "बघा भाभी, किती बारीक बघितलंय!" शकिला हसली. दात दिसले, एवढंच.

मग आला उंट. त्याचंही तसंच. हिचे नऊ, तिचे पाच.

आता एक गोष्ट सांगायला पाहिजे. शकिलाच्या पर्समध्ये कायम एक छोटी कानस असायची, नखाएवढी. हाताला कुठं काही घट्ट लागलं की कानस आपोआप बाहेर यायची आणि दोनदा फिरायची. ती काही लबाडी नव्हती. मिस्त्रीचा हात तो. भाताचा खडा जसा बोटानं आपसूक बाजूला सारतो, तसं. कासवाच्या गिअरला तिनं घासलं, उंटाच्या गुडघ्याला घासलं, आणि घासलं हे तिच्या लक्षातही नव्हतं.

मग आला हत्ती.

दिसायला लई भारी. सोंड वरखाली करणारा, कान हलवणारा. सरांचा जीव त्याच्यावरच जडला होता. शकिलाचा हत्ती झुलत झुलत रेघ पार करून भिंतीला जाऊन धडकला. सरजाबाईचा जागेवर उभा. मोटर घूंऽऽ करतेय, कान हलतायत, पाय जाग्यावर. तिनं तीन वेळा खोलला, तीन वेळा बांधला. शेवटी लिहिलं, "मागचा पाय अडकतो. २."

सरांनी दोन्ही फॉर्म शेजारी ठेवले. "भाभी नऊ म्हणतात, तुम्ही दोन. असं कसं? माझ्यासमोर बघू."

शकिलानं सरजाबाईचा हत्ती उचलला. "उजेड पाहिजे," म्हणाली आणि खिडकीकडं तोंड करून बसली. सगळ्यांना पाठ. पोट उघडलं. बघताक्षणी कळलं, गिअरच्या दातांमध्ये प्लॅस्टिकचा जादा थर राहिलाय, साच्यातूनच तसा आलेला. बांधण्यात काही म्हणता काही चूक नव्हती. उलट शकिलाच्या हत्तीहून साफ बांधलेला होता! ह्या वेळी कानस आपोआप बाहेर आली नाही. ह्या वेळी तिनं काढली. चार दात साफ केले, फुंकर मारली, पोट बंद केलं आणि हत्ती फर्शीवर सोडला.

हत्ती चालला.

"काय झालं होतं?" सरांनी विचारलं.

आणि शकिलाच्या तोंडातून निघून गेलं, "बसवताना चुकलं होतं. होतं असं. बोटं वळत न्हाईत ना."

सरजाबाईनं आपला हात पदराखाली घेतला. सरांनी तिचे दोन मार्क खोडले आणि तीनशे हत्ती मागवले.

पंधरा दिवसांनी रविवारी पालक बोलावले होते. तीनशे पोरं ओळीनं मांडी घालून बसली, खोकी फोडली, कागद वाचले. तासाभरानं पहिला हत्ती खाली ठेवला. घूंऽऽ. मग दुसरा. घूंऽऽ. मग सगळा हॉल मधमाश्यांच्या पोळ्यासारखा घूं घूं करायला लागला, तीनशे जोडी कान हलतायत आणि चालतायत किती, तर चार! एक पोरगा रडायला लागला. मागून कोणाचे तरी वडील म्हणाले, "सर, हत्ती चालंना, पोरगं काय चालवणार तुम्ही?" आणि लोक हसले. श्रीमंत सरांचा चेहरा बघवत नव्हता.

सोमवारी सकाळी सर फोनवर ओरडत होते. पलीकडं कंपनीचा नांदेडचा विक्रेता, सत्यम नावाचा. "नमुना एक दाखवायचा आन् माल दुसराच पाठवायचा? मी तुमच्या साहेबाला लिहितो! तुम्हाला घरी बसवतो!" सत्यम पलीकडून शपथा घेत होता, सर माल तोच हाय, खोकी एकाच लॉटची हायत.

शकिला दाराशी उभी. तिनं काही म्हणायची गरजच नव्हती. दोष कंपनीच्या डोक्यावर गेला होता, किल्ल्या तिच्याकडंच येणार होत्या. ती गुपचूप आतल्या खोलीत गेली.

आत सरजाबाई ताट घेऊन बसलेली. ताटात हत्ती, तिचा तोच जुना, सगळा सुटा केलेला.

"हे काय?" शकिलानं विचारलं.

"रोज खोलून बघते भाभी. पंधरा दिस झाले. तुम्ही चालवला तसाच बांधते, तर चालतोय. मग पहिल्यांदा माझं काय चुकलं हुतं, त्येच घावंना." तिनं हात पुढं केला, ती दोन ताठ बोटं. "तेवढं सांगा. सरास्नी मी सांगितलंय, खुर्ची भाभीलाच द्या, माझ्या हातात राम न्हाई. पण मला कळू तरी द्या."

शकिलाला इतका राग आला! कोणाचा, ते तिलाही कळेना. ही बाई भांडत का नाही? विश्वास का ठेवते? पंधरा दिवस! एका फेकलेल्या वाक्यावर पंधरा दिवस ही रोज आपला हात तपासत बसली!

"काही चुकलं नव्हतं," ती जवळजवळ ओरडलीच. "अगं बाई, काहीच चुकलं नव्हतं तुमचं! मी दात घासले. कानसनं. खिडकीकडं तोंड करून."

सरजाबाई तिच्याकडं बघत राहिली. मग खाली ताटाकडं. "म्हंजी माझे दोन बरोबर हुते?"

"दोन बी जास्तच होते."

आणि तसंच तरातरा जाऊन शकिलानं सरांच्या हातातला फोन खाली ठेवायला लावला आणि सगळं सांगितलं. कासवाचं, उंटाचंही आठवून सांगितलं. सरांनी सरजाबाईचा खोडलेला फॉर्म काढून टेबलावर ठेवला.

"भाभी," ते म्हणाले, "तुमच्यासारख्या हाताची तीनशे पोरं मी कुठून आणू? मला बघायचं होतं पोराच्या हातात काय होतं ते. ते सरजाबाईंनी लिहिलं होतं आणि मी खोडलं."

किल्ल्या सरजाबाईला गेल्या. तिनं त्या कमरेला खोचल्या आणि चालताना वाजायला लागल्या, छन् छन्. तो आवाज शकिलाला अकरा दिवस ऐकावा लागला, कारण अकरा दिवस दोघी समोरासमोर बसून सगळे अडलेले हत्ती दुरुस्त करत होत्या. सरजाबाई पोट उघडायची, शकिला घासायची, सरजाबाई बंद करायची.

पुढं सरांनी रीतच पाडली. नवीन खोकं आलं की आधी सरजाबाईकडं. तिच्या हातून चाललं तर पास. नाही चाललं तरच शकिलाभाभीला बोलवायचं, का अडलं ते सांगायला. आणि शकिलाभाभी दुकानात तार गुंडाळत मनातल्या मनात एकच दुआ करायची, आज हिला जमू नये! नव्हतं जमत तेव्हा ती जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एकदम चढायची.

असंच एकदा बोलावणं आलं तेव्हाही तशीच चढली. वर टेबलावर नवा सरडा होता आणि तो तुरुतुरु चालत होता. सरजाबाईनं नुसतं दाखवायला बोलावलं होतं.

शकिलानं सरडा उचलला. उलटा केला. गिअर बघितले, पाय बघितले, तार बघितली. काही सापडेना.

"पोट जरा खाली घासतंय," ती म्हणाली.

"न्हाई घासत," सरजाबाई म्हणाली.

शकिला चमकून बघायला लागली. एवढ्या दिवसांत ही बाई पहिल्यांदा उलट बोलली होती.

"घासतंय म्हणते ना मी!"

"आन् मी म्हणते न्हाई घासत." सरजाबाईनं फॉर्मचा कागद घेतला, चालत्या सरड्याच्या पोटाखाली सरकवला आणि दुसऱ्या बाजूनं ओढून काढला. कागद आरपार आला. "बघा. तुमच्याच डोळ्यानं बघा."

शकिलाभाभीनं बघितलं. मग बुरखा नीट केला, खुर्ची ओढली आणि सरजाबाईच्या समोर बसली.

"कागद परत काढून दाखवा," ती म्हणाली. "ह्या वेळी हळू."